कॅन्सरमध्ये वजन खूप उतरलं की हृदयावरही परिणाम होतो का? बाबांना हृदयाचा त्रास कधीच नव्हता, आता उठून बसले तरी धडधडतं.

होतो. हृदय हाही स्नायूच. दंड-मांड्या झडतात तसं तेही झडतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या अण्णांना फुफ्फुसाचा कॅन्सर होता. सहा महिन्यांत ६८ वरून ५९ किलो. घड्याळाच्या पट्ट्याला मी तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडलं, महिन्याभरात दुसरं. बाथरूमला जाऊन आले की गळ्याजवळची शीर उडताना दिसायची. पडल्या पडल्या नाडी ११०. दादाचं म्हणणं, "घाबरतात ते. आणि तू नीट खाऊ घालत नाहीस." प्रोटीन पावडरचे डबे त्यानेच आणून रचले होते.

मग एका आठवड्यात काट्यावर दोन किलो वाढले. दादाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. संध्याकाळी मी अण्णांचे मोजे काढले, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. पाणी होतं ते! तपासलं तर रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन, अल्ब्युमिन, उतरलेलं आणि टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंगही घसरलेलं.

ही झीज उपासमारीची नव्हे. कॅन्सरमुळे शरीरात सतत दाह (इन्फ्लमेशन) चालू असतो, त्यातली टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं स्नायूंतली प्रथिनं मोडायला लावतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर त्याला कॅशेक्सिया म्हणतात, आणि नुसत्या आहाराने तो पूर्ण भरून येत नाही, हे २०११ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतच आहे. तेव्हा "खात नाहीत म्हणून" हे घरात कुणी कुणाला ऐकवू नये. खायला द्यावं, पण घशात कोंबू नये.

हां, प्रत्येक धडधड यातलीच असेल असं नाही. रक्त कमी असेल, जंतुसंसर्ग असेल, फुफ्फुसात गुठळी असेल, डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोचा परिणाम असेल. अण्णांचं किती झिजेमुळे आणि किती औषधांमुळे, हे डॉक्टरांनीही छातीठोक सांगितलं नाही. ईसीजी, टूडी इको आणि हिमोग्लोबिनचं विचारा. पंपिंग ठीक आलं तरी स्नायू बारीक झालेला असू शकतो. दम एकदम वाढला किंवा छातीत दुखलं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

आणि वजन लिहून ठेवता ना? शेजारी पायाची सूजही लिहा. दादा अजून म्हणतो, मध्ये वजन वाढलं होतं. माझ्या वहीत त्या तारखेपुढे 'दोन्ही पाय सुजलेले' असं लिहिलेलं आहे. वही कपाटात आहे, मागेल तेव्हा दाखवेन.