निरोप समारंभात आठवणी सांगणाऱ्या विद्यार्थिनीस

जानेवारी २०२६

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची अकरा पाने परवा मिळाली. दहावीच्या निरोप समारंभात वर्गाच्या वतीने गमतीदार आठवणी सांगण्याचे काम तुझ्याकडे आले आहे आणि त्याच आठवणी पुढे वर्गाच्या हस्तलिखितात जाणार आहेत, असे तू कळवले आहेस. पाने मी दोनदा वाचली. पहिल्या वेळी शिक्षक म्हणून वाचली, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाच्या लाल खुणा झाल्या. दुसऱ्या वेळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय आणि तीन भाषणे उरकेपर्यंत मागच्या रांगेत अवघडून बसलेला, मसालेभाताचा वास येऊ लागलेला एक पालक म्हणून वाचली. पुढे लिहितो आहे ते बहुतेक त्या दुसऱ्या वाचनातले आहे.

'खूप मजा आली' हे वाक्य अकरा पानांत सतरा वेळा आणि 'धमाल' हा शब्द नऊ वेळा आला आहे. मी मोजले, निवृत्त माणसाला वेळ असतो. पंगतीत जिलेबी वाढायची सोडून 'जिलेबी फार गोड झाली आहे बरं का' असे सांगत फिरणाऱ्या वाढप्यासारखे ते होते. मजा आली हे तू सांगायचे नाही. काय घडले, कोठे घडले, कोण काय बोलले एवढेच सांगायचे आणि हसायचे की नाही ते ऐकणाऱ्यांवर सोपवायचे.

उदाहरण तुझ्याच पानांतले घेतो. 'पाचवीत ऑनलाइन वर्ग होते तेव्हा खूप मजा यायची' एवढ्या एका ओळीत तू २०२०-२१ हे अख्खे वर्ष निकालात काढले आहेस. अगं, तुमच्या तुकडीने हायस्कुलात प्रवेश घेतला आणि पुढचे सात महिने हायस्कूल पाहिलेच नाही! तुमच्यापैकी कोणाकडेही स्वतःचा फोन नव्हता. फोन घरातल्यांचा, म्हणून पडद्यावरचे नावही घरातल्यांचे. रोज सकाळी माझ्या मराठीच्या तासाला चौदा 'पप्पा', सहा 'आई', एक 'दादा नवीन नंबर' आणि एक 'कृषी सेवा केंद्र' असे विद्यार्थी हजर असत. एके दिवशी मी त्यांपैकी एका पप्पांना कवितेच्या दुसऱ्या कडव्याचा अर्थ विचारला, तर पलीकडून भरदार आवाज आला, "सर, पोरगं म्हशीला पाणी पाजाया गेलंय. मीच ऐकतोय, चालू द्या तुमचं." मी चालू दिले. त्या गृहस्थांनी कडव्याचा अर्थही बऱ्यापैकी सांगितला आणि त्या दिवशी हजेरी नेमकी कोणाची मांडायची, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

माझा कॅमेरा तेव्हा वहीवर रोखलेला असे, हे तुला आठवत असेल. त्यामुळे त्या सात महिन्यांत तुम्ही माझा उजवा हात, अंगठी आणि शाईचे पेन एवढेच पाहिले होते. २७ जानेवारी २०२१ रोजी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, तेव्हा तोंडावर मास्क असलेले आम्ही सहा शिक्षक फाटकात उभे होतो आणि कोण कोणते सर हे तुम्हाला कळेना. एक मुलगी आमच्या तोंडांकडे पाहतच नव्हती. ती एकेकाचे हात न्याहाळत पुढे सरकली, माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "मराठीचे सर तुम्हीच ना?" ती मुलगी तूच होतीस. मला मिशा आहेत की नाहीत यावर वर्गात दोन पेन्सिलींची पैज लागली होती, आणि तिचा निकाल मी चहासाठी मास्क खाली केला तेव्हा लागला, हेही मला नंतर कळले. यातले एक अक्षरही तुझ्या अकरा पानांत नाही. सरांवर हसलेले सरांना आवडणार नाही म्हणून तू ते गाळलेस, असे मी समजतो. ते परत घाल. समारंभाला मी येणार आहे आणि माझ्यावर कोणी हसले नाही तर मला आपण उगाच आलो असे वाटेल.

शिक्षकांच्या नकला हा मात्र जपून हाताळण्याचा विषय आहे. विज्ञानाच्या मॅडमना जिना चढल्यावर दम लागतो, त्याची नक्कल तू सहाव्या पानावर घातली आहेस, ती काढ. दम त्यांनी स्वतः निवडलेला नाही. 'हे परीक्षेला येणार नाही, तरीही लिहून घ्या' हे त्यांचे वाक्य मात्र त्यांचे स्वतःचे आहे. ते गेली वीस वर्षे त्या अभिमानाने उच्चारतात आणि तुम्ही सर्वांनी मिळून ते एका सुरात म्हटलेत तर टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या त्याच असतील. हाच नियम मुलांनाही लाव. तुमच्यातला जतकडून आलेला मुलगा कानडी वळणाचे मराठी बोलतो, यात हसण्यासारखे काही नाही. पण त्याने स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करताना प्रमुख पाहुण्यांच्या आधी स्वतःचाच परिचय करून दिला, त्यावर पोट धरून हसावे.

आता फिशपाँडविषयी, कारण त्याची पेटीही तुझ्याकडेच आहे असे दिसते. आठवडाभर वऱ्हांड्यात पेटी ठेवायची, निनावी चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि ज्याच्यावर चिठ्ठी त्याला मंचावर बोलावून ती वाचून दाखवायची, वर हातात एखादे गाजर किंवा कंगवा द्यायचा, ही प्रथा आमच्या वेळीही होती. १९८१ च्या स्नेहसंमेलनात दहावीतल्या एका मुलाला पडलेला फिशपाँड असा होता: 'सदरा बापाचा, चड्डी भावाची, दप्तर मामाचं, ह्याचा स्वतःचा फक्त हजेरीचा नंबर.' सभागृह कोसळले. तो मुलगाही हसला. सर्वांत मोठ्याने हसला. पंचवीस वर्षांनी आमच्या तुकडीचा मेळावा भरला, तेव्हा सर्वांना शाळेतले काय काय आठवते अशी चौकशी चालली होती आणि त्याने ती ओळ एकही शब्द न चुकता म्हणून दाखवली. गणिताचे एकही सूत्र आता आठवत नाही, पण हे आठवते, असे तो म्हणाला. चिठ्ठी कोणाची होती हे त्याला तेव्हाही कळले नव्हते आणि मेळाव्यातही कळले नाही. ती मी लिहिली होती. आज मागे वळून पाहतो तेव्हा ती ओळ मला चांगली जमली होती असेच वाटते आणि खरी अडचण तीच आहे. वाईट जमली असती तर तो ती विसरून गेला असता. म्हणून पेटीतल्या चिठ्ठ्या समारंभाआधी तू एकटीने बसून वाच. कपडे, रंग, उंची, घरची परिस्थिती, आडनाव यांवरच्या चिठ्ठ्या कोणाला न सांगता फाडून टाक. त्या कितीही चांगल्या जमल्या असल्या तरी फाड. चांगल्या जमलेल्या तर आधी फाड.

दुसरे एक काम सांगतो, ते थोडे कंटाळवाणे आहे. वर्गाचा हजेरीपट घे आणि तुझ्या पानांत ज्यांचे नाव आले आहे त्यांच्यापुढे टिंब दे. मी तुमच्या वर्गाची संख्या आठवून हिशेब केला, तर सेहेचाळीस जणांपैकी तुझ्या पानांत सातच जण आहेत, आणि ते सातही मागच्या बाकावरचे, म्हणजे ज्यांच्या खोड्या मुख्याध्यापकांच्या खोलीतही तोंडपाठ आहेत असे. उरलेली एकोणचाळीस मुले सहा वर्षे काय करत होती? जी मुलगी कधी एक शब्द बोलली नाही, तिच्याच डब्यातला खर्डा निम्मा वर्ग मधल्या सुट्टीची घंटा होण्याआधी संपवत असे. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर सेहेचाळीस जणांना भेटणे शक्य नाही असे तू म्हणशील; पण डबे खायला बसता तेव्हा रोज पाच जणांना 'तुला काय आठवते' एवढे विचारले तरी दहा दिवसांत काम होते.

ज्याला विचारता येणार नाही असाही एक आहे. दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबातला तो मुलगा सहावीत आणि सातवीत तुमच्या वर्गात चार-चार महिने बसला आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत गेला. आपल्याकडे तो येई तेव्हा मराठीचे पुस्तक निम्म्यावर आलेले असे. एकदा मी त्याला 'पहिला धडा आठवतो का' असे विचारले, तर तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "सर, मला सगळ्या धड्यांचे शेवट माहीत आहेत." सगळा वर्ग हसला, तोही हसला आणि नंतर त्याने खरोखरच तीन धड्यांचे शेवट सांगून दाखवले. हा प्रसंग तुझ्या भाषणात यावा असे मला वाटते. त्यावर काही भाष्य करू नकोस.

सहलीची तीन पाने अर्ध्या पानावर आण. वाटेत एसटी बिघडणे, कोणाला तरी गाडी लागणे आणि परतीच्या वाटेवर भेंड्या रंगणे हे प्रत्येक तुकडीच्या सहलीत घडते, त्यामुळे ते कोणाचेच राहत नाही. तुमच्या तुकडीचे म्हणावे असे दुसरेच काही आहे. आठवीत, म्हणजे २०२३-२४ साली, चार भागांत विभागलेली पाठ्यपुस्तके आली आणि त्यांत नोंदी करण्यासाठी कोरी पाने होती. मी त्याच उन्हाळ्यात निवृत्त झालो होतो, पण एकदा सहज शाळेत आलो असताना एका मुलाचे पुस्तक चाळले. धड्याच्या नोंदीच्या जागी फुल्लीगोळ्याचे एकवीस डाव होते, प्रत्येकाखाली तारीख, तास आणि विजेत्याचे नाव होते आणि शेवटी एकूण गुणांची बेरीज होती. नोंदी ठेवण्याचे शासनाचे उद्दिष्ट त्या मुलाने पूर्ण केले होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ते पुस्तक रद्दीत गेले नसेल तर मिळव आणि मंचावर ते पान उघडून वाच.

बोलायला सात मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नकोस. घड्याळ लावून घरी मोठ्याने वाच. डोळ्यांनी वाचताना विनोदी वाटणारी निम्मी वाक्ये तोंडातून बाहेर पडताना जड होतात. हशा आला तर थांब. बोलणारी मुले हशाला घाबरून पुढचे वाक्य त्यातच घुसवतात आणि दोन्ही वाया जातात. आणि ज्याच्या नावाने प्रसंग सांगणार आहेस त्याला तो आधी वाचून दाखव. 'नको' म्हणाला तर कारण न विचारता काढ. शेवटच्या पानावर तू गुरुजनांच्या ऋणाविषयी लिहिले आहेस, ते मनापासून आहे हे मला दिसते. पण ते तुझ्याआधी बोलणारे तिघे जण म्हणणारच आहेत, तेव्हा तू ते सोड.

राहता राहिली पुराची रेघ. २०१९ च्या पुराचे पाणी शाळेच्या भिंतीवर जेथपर्यंत चढले होते, ती रेघ रंगकाम करताना मुद्दाम राखली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तुम्ही सहावीत आलात, तेव्हा मी तुम्हाला त्या रेघेपाशी एकेक करून उभे केले होते. रेघ तुमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्याच्या वर होती आणि तुमच्यातल्या सर्वांत बुटक्या मुलाने 'मी त्या दिवशी शाळेत असतो तर गृहपाठ वाचला असता' असे म्हटले होते. त्यानंतर दर वर्षी तुम्ही स्वतःच मोजत आलात. अकरा पानांत या रेघेचा उल्लेख एकदा आहे, तोही कंसात. भाषणाची सुरुवात तिथून कर. यंदाचे मोजमाप अजून झाले नसेल तर समारंभाच्या दिवशी सकाळी करू. पेन्सिल आणि पट्टी तू आण. माझीही खूण करायची आहे, कारण गेल्या वर्षी मी अर्ध्या इंचाने कमी भरलो होतो आणि तुमचा वर्ग त्यावर अजून हसतो, असे शिपाईमामांकडून कळते.

तुझा,
सर