पंचवीस बंद खोकी

"मॅडम, मुलगा २७ वर्षांचा आहे आणि अजून खेळणी घेतो. याला काय म्हणायचं?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला नवा नाही. खेळण्यांच्या जागी कधी मोबाइलवरचा गेम असतो, कधी बूट, कधी बुलेटचे सुटे भाग. या वेळी मात्र आईंनी पिशवीतून पुरावाच काढला. चपटं खोकं, वर पांढरा-निळा-लाल यंत्रमानव आणि सगळी अक्षरं जपानी. वडिलांनी क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं आणली होती, पिवळ्या मार्करने रेघा मारून. १४ महिन्यांत १ लाख १२ हजार रुपये. मुलगा आला नव्हता. (घरच्यांची आणि त्याची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वडिलांचं दुखणं पैशाचं, आईंचं लग्नाचं. "मुलीकडचे घर बघायला आले आणि कपाटात ही फौज दिसली तर?" त्यात मागच्या दिवाळीत भाच्याच्या हातात एक तयार रोबो खेळायला दिला होता, त्याच्या कपाळावरची शिंगं मोडली. त्यावरून मुलगा दोन दिवस जेवायला बाहेर आला नाही. "प्लास्टिकसाठी, मॅडम!"

उठता उठता आई म्हणाल्या, "एक मात्र बरं झालंय. पूर्वी रात्री दोन-दोनपर्यंत ते जोडत बसायचा. आता पाच महिने झाले, हातसुद्धा लावत नाही. खोकी येतात आणि तशीच पलंगाखाली जातात."

मी वहीत हे वाक्य लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली.

मुलगा येईपर्यंत मी थोडा अभ्यास केला. १९७९ साली जपानी टीव्हीवर 'मोबाइल सूट गंडम' ही मालिका आली. पहिल्या फेरीत तिला प्रेक्षक मिळेनात, ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ वर गुंडाळली. पुढच्या वर्षी जुलैत बांदाई कंपनीने त्यातल्या यंत्रमानवाचं १/१४४ मापाचं किट ३०० येनला बाजारात आणलं. पुनर्प्रक्षेपण आणि ही किट, दोन्हींनी मिळून मालिकेचं नशीब पालटलं. गंडम आणि प्लास्टिक मॉडेल मिळून शब्द झाला 'गनप्ला'. आपल्याकडे तो महाग पडतो, कारण माल बाहेरून येतो. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांची चीड क्षणभर मुलावरून सरकारकडे वळली.

मुलगा दुसऱ्या आठवड्यात आला. हात घडी, उत्तरं एका शब्दात. तिसऱ्या भेटीला मी म्हटलं, "एक छोटं किट घेऊन ये. मला शिकव."

खोक्यात चौकटी असतात. त्यांना हे लोक 'रनर' म्हणतात, सगळे भाग त्यांना काडीने चिकटलेले. गोंद लागत नाही, भाग एकमेकांत खटकन बसतात. मी निपर (प्लास्टिक कापायची छोटी पक्कड) घेऊन पहिला भाग मुळाशीच कापला, तर तिथे पांढरा डाग पडला. तो पहिल्यांदा हसला. "मॅडम, दोनदा कापायचं. आधी लांबून, मग जवळून. घाई केली की प्लास्टिकवर ताण येतो आणि तो दिसतो." सव्वा तासात आमचं धड आणि डोकं झालं. माझा चष्मा दोनदा घसरला. त्याचे हात एकदाही थरथरले नाहीत, आणि नजर हातांवर असल्यामुळे असेल, तो बोलायला लागला. समोरासमोर खुर्चीत बसून 'तुला काय वाटतं?' विचारण्याला काही वेळा काही अर्थ नसतो.

ऑफिसात त्यांची टीम नऊ जणांची होती, आता चार उरले. काम नऊ जणांचंच. अमेरिकेचे कॉल रात्री साडेअकरापर्यंत. कॉल संपला की तो अंथरुणात पडून मोबाइलवर किट बघायचा आणि एखादं मागवून टाकायचा. "मागवताना वाटतं, रविवारी निवांत बसू." आणि रविवारी? "रविवारी लॅपटॉप उघडतो. नाहीतर झोपतो."

एकूण ३४ खोकी. जोडलेली ९. उरलेल्या २५ चं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

न जोडलेल्या किटच्या ढिगाला जपानी छंदिष्टांत खास शब्द आहे, त्सुमिपुरा. तो त्यानेच सांगितला, म्हणजे या बाबतीत तो जगावेगळा नव्हता. वाचलेली नसलेली पुस्तकं माझ्याही कपाटात आहेत, आणि साड्यांबद्दल कुणी विचारू नये. ढीग असणं हा आजार नाही. पण घरच्यांना जी सुधारणा वाटत होती, तीच मला खटकत होती. ज्या गोष्टीत जीव रमत होता तीच हातून सुटली का, हे नैराश्य तपासताना आम्ही आधी विचारतो. घेणं आणि जोडणं ही वरून एकच सवय दिसते. याच्या बाबतीत जोडणं हा विसावा होता. तो बंद पडला आणि जागा घेण्याने भरली.

पीएचक्यू-९ ही नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. गुण १३, म्हणजे मध्यम पातळी. झोपेची आणि भुकेची उत्तरं वाईट होती. मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांच्याकडचं इथे लिहीत नाही.

माझ्याकडे आम्ही एक साधी वही सुरू केली. किट मागवलं की तारीख, वेळ आणि त्या दिवशी काय झालं ते लिहायचं. सहा आठवड्यांत चार नोंदी झाल्या, चारही रात्री अकरानंतरच्या, तीन खराब कॉलनंतरच्या. मग ठरलं की रात्री आवडलेलं किट यादीत टाकायचं आणि शनिवारी सकाळी चहा घेऊन ठरवायचं. यादीतली बरीचशी नावं शनिवारी त्याचा तोच खोडायचा. कार्डाचे थकलेले २३ हजार आधी फेडायचे, हे वडिलांशी बोलून ठरलं. तिथे मी सवलत मागितली नाही. कर्ज, लपवाछपवी, हप्ते बुडणं सुरू झालं की 'छंद आहे हो त्याचा' म्हणून पांघरूण घालू नये.

वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होते, ३१ वर्षं साचे केलेले. एकदा तिघं एकत्र बसले असताना त्यांनी सहज एक रनर उचलला, खिडकीकडे धरला आणि गप्प झाले. मग म्हणाले, "अरे, एकाच चौकटीत चार रंग? साचा एकच आहे का हा?" मुलगा म्हणाला, "हो, बाबा." "पार्टिंग लाइन कुठे लपवलीय बघ." (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ.) पुढची दहा मिनिटं मला खोलीत काही काम नव्हतं. जाताना मात्र बजावलंच, "तरी एवढे पैसे द्यायचे नाहीत."

आईंचा प्रश्न राहिला होता. मी बायोडेटा मागून घेतला. छंदांपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'वाचन, ट्रेकिंग'. मुलगा शेवटचा गड चढला होता कॉलेजात, तोही सिंहगड. मी म्हटलं, "काकू, खरं तेच लिहा. जिला चालणार नाही तिला आधीच कळू दे." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी नवा कागद आणला: 'वाचन, प्लास्टिक मॉडेल जोडणे'. वाचन काढायला तयार नव्हत्या.

परवा मुलाचा मेसेज आला. आठ महिने झाले. बंद खोक्यांपैकी ११ जोडून झाली, नवी तीन आली. त्यातलं एक रात्री पावणेबाराला मागवलेलं, हेही त्यानेच लिहिलं होतं.