आईचं वजन ८८ किलो आहे. छोट्या छेदातून कमरेचं फ्यूजन (स्क्रू बसवून मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन) करणं धोक्याचं ठरेल का?

धोका वाढतो, पण निव्वळ वजनापायी ऑपरेशन नाकारावं इतका नाही. तुम्ही लिहिलंय की आईची उंची १५२ सेंमी, कमरेचा चौथा मणका (एल-४) पाचव्यावरून (एल-५) पुढे सरकलाय, शंभर पावलांत पाय भरून येतात आणि खाली बसावं लागतं. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३८, लठ्ठपणात मोडणारा. मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे, पण नंतर पेशंटला पलंगावरून उठवून चालतं करायचं काम माझं, त्यामुळे भारी वजनाचे पेशंट भरपूर पाहिलेत.

जुन्या पद्धतीच्या उघड्या ऑपरेशनचं विहिरीसारखं असतं. जितकं खोल जायचं तितकं तोंड रुंद लागतं. पाठीवर चरबीचा थर जाड असला की चीर लांबते, स्नायू तासन् तास ताणून धरावे लागतात. चरबीला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखम चिघळायची भीतीही जास्त. छोट्या छेदाच्या पद्धतीत बोअर मारल्यासारखं काम होतं: खोली वाढली तर नळी लांब घ्यायची, तोंड तेवढंच. स्नायू कापायचे नसतात, बाजूला सारायचे असतात. म्हणून जाड माणसाला या पद्धतीचा फायदा उलट जास्तच. बऱ्याच अभ्यासांत असं दिसलंय की लठ्ठ पेशंटचं दुखणं आणि अडलेली कामं यांत जवळपास इतरांइतकीच सुधारणा होते, हाडही तसंच जुळतं.

याचा अर्थ सगळं सारखंच असतं असा नाही. वेळ जास्त लागतो. स्क्रू सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना क्ष-किरणांचं चित्र दाखवणारं यंत्र) बघून बसवतात, जाड शरीरात चित्र धूसर येतं आणि क्ष-किरणांचा डोस वाढतो. पालथं झोपवताना पोट मोकळं लोंबतं राहिलं पाहिजे, ते दाबलं गेलं तर मणक्यातल्या शिरा फुगून रक्त जास्त जातं. स्पोर्ट नावाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात मणका सरकलेल्या लठ्ठ पेशंटमध्ये जंतुसंसर्ग जास्त आढळला आणि ४ वर्षांत पुन्हा ऑपरेशनची वेळही इतरांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात आली. पण त्याच अभ्यासात ऑपरेशन केलेले लठ्ठ पेशंट, न केलेल्या लठ्ठ पेशंटपेक्षा बरे राहिले. म्हणून अशा पेशंटचं काम नेहमी करणारा सर्जन बघा, आणि ‘एवढ्या वजनाचे किती केलेत?’ हे न लाजता विचारा.

‘आधी वजन उतरवा, मग बघू’ हे नातेवाइकांचं वाक्य मला पटत नाही. जिला शंभर पावलं चालवत नाही ती बाई चालून वजन कसं उतरवणार? खाण्यावर ताबा ठेवून दोन-तीन महिन्यांत चार-पाच किलो गेले तर छानच. मात्र पाऊल लोंबायला लागलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर एक दिवसही थांबू नका.

माझ्या मते वजनापेक्षा तातडीच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. साखर किती आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) चढलेलं असेल तर आधी ते खाली आणा. आणि मिश्री? आपल्याकडे आईच्या वयाच्या बायका डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ विचारलं की सरळ ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखूत धरतच नाहीत. निकोटीनने हाड जुळायला अडथळा येतो, तेव्हा निदान महिना-दीड महिना आधी बंद, आणि नंतरही हाड जुळेपर्यंत बंदच. आई जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा.

ऑपरेशन झालं की वजन आपोआप उतरेल अशी आशा धरू नका. दुखणं गेलं तरी बहुतेकांचं वजन तिथंच राहतं. आईंना बहुधा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच चालवतील. कमरेचा पट्टा आत्ताच मापाचा घ्या, मोठ्या पोटावर तयार पट्टा वर सरकतो आणि मग कुणी घालतच नाही. कुशीवर वळून हाताच्या रेट्याने उठायचं, ही सवय ऑपरेशनच्या आधीच लावा. घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. भाकऱ्या जमिनीवर बसून थापत असतील तर ते काही महिने दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.