आजीचं लुगडं, आजोबांची पगडी आणि कुंची घरात शोभेसाठी कशी मांडावी?

तुम्ही लिहिलंय की आजीचं चंदेरी (चंदेरी गावच्या विणीचं) लुगडं, आजोबांची पगडी आणि वडिलांची तान्हेपणीची कुंची पेटीत पडून आहे. नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात ती लावायची आहे, पण खराब होतील या भीतीने हात धजत नाही. माझं म्हणणं, जरूर लावा, पण पाळीपाळीने. एक वस्तू तीन-चार महिने बाहेर, मग तिला पेटीत विश्रांती आणि तिच्या जागी दुसरी. हे मी नुकसान सोसून शिकले आहे.

मी बडोद्याची. थोरल्याच्या बारशाला आईने तिच्या माहेरची कुंची मला दिली. जांभळं रेशीम, कपाळावर जरीची पट्टी, पाठीवर रुळणारा घेर, खाली गोंडे. नुसती कपाटात ठेवली तर विसरली जाईल, म्हणून मी ती फ्रेम करायला दिली. फ्रेम करणाऱ्याने ती प्लायवर गोंदाने चिकटवली आणि वरून काच घट्ट दाबून बसवली. मी ती टांगली पश्चिमेच्या खिडकीसमोर. पाच पावसाळ्यांनंतर जांभळा रंग मातकट झाला होता आणि काचेला आतून बुरशीचे ठिपके धरले होते. सोडवायला गेले तर पाठीकडचं रेशीम प्लायलाच चिकटून राहिलं. गळ्याजवळची शिवण उसवली, तेव्हा आत दुमडलेल्या बोटभर पट्टीत मूळ रंग जसाच्या तसा होता, पिकल्या जांभळासारखा. तेवढी पट्टी मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून सगळ्यात आधी उजेडाचं बघा. ओल पुसता येते, धूळ झटकता येते, उजेडाने गेलेला रंग काही केल्या परत येत नाही. अहमदाबादला १९४९ मध्ये सुरू झालेलं कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे. तिथे मंद उजेडच ठेवतात, तो याच कारणाने. संग्रहालयांत जुन्या कापडासाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) मर्यादा धरतात, आणि आपल्या खिडकीजवळ दिवसा हा आकडा सहज हजारांत जातो. आमच्याकडे गुजराती शेजारी पाटणच्या पटोळ्याबद्दल म्हणतात, 'पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं', म्हणजे कापड फाटेल पण नक्षी जाणार नाही. पटोळं विणणाऱ्यांची ही स्तुती रास्तच आहे, पण बारा महिने ऊन खाणाऱ्या रेशमाला तिचा आधार नाही. एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात, तरी उजेड तो उजेडच. दिवा लांब ठेवा आणि पाहुणे आले की लावा.

भिंत निवडताना बाहेरच्या बाजूची नको, पावसाळ्यात तिला ओल येते. स्वयंपाकघराजवळची नको आणि देवघरासमोरचीही नको, कारण उदबत्तीचा धूर आणि निरांजनाची काजळी कापडात बसते.

आता लुगडं. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. ते पूर्ण उलगडून टांगलं की स्वतःच्या वजनाने वरचे धागे ताणतात. चंदेरी मुळात तलम, त्यात पदराची जर जड. दाखवायचा तो पदरच दाखवा. चार इंची जाड नळी घ्या, तिच्यावर धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलचे दोन-तीन वेढे द्या, उरलेलं लुगडं त्यावर सैल गुंडाळा आणि पदर तेवढा समोर सोडा. नळीची दोन्ही टोकं भिंतीतल्या आधारांवर टेकवली की सगळं वजन नळी पेलते. खिळे, टाचण्या, स्टेपल, चिकटपट्टी यांतलं काहीही कापडाला लागता कामा नये. लोखंड गंजतं आणि त्याचा डाग जात नाही. त्याआधी पदर एकदा उजेडासमोर धरून बघा. माझ्या आजीच्या लुगड्याला निऱ्यांच्या जागी एका ओळीत बारीक रफू आहे, अर्धी छटा वेगळ्या धाग्याने केलेलं. ती जागा आता नुसत्या बोटाने सुद्धा ताणू नये अशी झाली आहे, म्हणून ती नेहमी आतल्या वेढ्यात जाते.

जर काळी पडली असेल तरी घासू नका. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. पॉलिश लावलं तर मुलामाही जातो आणि खालचं रेशीमही. अत्तर, परफ्यूम, ओले हात, सगळंच लांब ठेवा.

कुंचीला फ्रेमच बरी, पण खोल पेटीसारखी, काच आणि कापड यांत दोन बोटं अंतर राहील अशी. मागे आम्लरहित पुठ्ठा, त्यावर सुती कापड, आणि कुंची त्या कापडावर बारीक सुईने, सुती दोऱ्याने, सैल टाके घालून टाचलेली. डोक्याच्या जागी मलमलचा बोळा भरा म्हणजे आकार धरेल. 'गोंद लावायचा नाही' हे दुकानात दोनदा सांगा, आणि जमलं तर टाके स्वतःच घाला.

पगडी खुंटीला टांगू नका, एकाच जागी भार येऊन ती चेपते. डोक्याच्या मापाचा मलमलने मढवलेला गोळा करून त्यावर बसवा आणि काचेच्या कपाटात ठेवा. हवा खेळायला बारीक फट असू द्या. आतून कसर लागली आहे का ते बॅटरीने बघा.

पेटीत परत ठेवताना धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. घड्या दर वेळी वेगळ्या जागी पाडा. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. वेखंड किंवा कडुनिंबाची पुरचुंडी ठेवायची तर ठेवा, पण खरा उपयोग दर दोन महिन्यांनी पेटी उघडून बघण्याचा आहे. पेटी जमिनीवर तर अजिबात नको. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या माहेरच्या तळमजल्यात आलं, तेव्हा खालच्या पेटीतल्या आईच्या लाल लुगड्याचा रंग पांढऱ्यावर उतरला. माळ्यावरची पेटी वाचली.

सजावटीच्या नावाखाली लुगडं कापून उशांचे अभ्रे, टेबलाच्या पट्ट्या करायला सांगणारे बरेच भेटतील. धडक्या कापडाला कात्री लावणं मला पटत नाही. अगदी विरलेल्याची गोधडी करायची आपली रीतच आहे, कुंचीसुद्धा कितीदा जुन्या पातळाचीच शिवत. पण चांगलं चंदेरी आता कोणी पुन्हा विणून देणार नाही, निदान तुमच्या आजीच्या अंगाला लागलेलं तरी नाही.

आणखी एक कराच. कुणाचं, कुठल्या प्रसंगाचं, साधारण कुठल्या साली, हे सुती फितीवर पेन्सिलीने लिहून प्रत्येक वस्त्राला एका टाक्याने जोडा. तुमच्या आत्या किंवा काकू असतील तर आत्ताच विचारून घ्या. माझ्या कुंचीचं रेशीम कुणाच्या शालूतलं होतं हे आईला ठाऊक होतं, मी विचारायची राहिले.

सध्या आमच्या भिंतीवर आजीच्या लुगड्याचा पदर आहे. दसऱ्याला तो उतरेल आणि वडिलांचं उपरणं लागेल.