मेळाव्याला येणाऱ्यांना यादीतली आपली माहिती स्वतःच दुरुस्त करू द्यायची, तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी ७०० जणांची एक्सेल यादी आहे, नावांत आणि नंबरांत चुका आहेत. लोक फोनवर दुरुस्त्या सांगतात आणि त्या लिहून घेताना नव्या चुका होतात. मग ज्याची नोंद त्यानेच ऑनलाइन फॉर्ममधून नीट करावी, असं जमेल का?

जमतं, आणि गूगल शीटवर फुकटात जमतं. पण प्री-फिल्ड लिंकच्या वाटेला जाऊ नका. बहुतेक जण तिथेच फसतात. माणसाला फॉर्ममध्ये आपली माहिती आधीच भरलेली दिसते, तो एक आकडा बदलून पाठवतो, आणि शीटमध्ये जुनी ओळ तशीच राहून खाली नवी ओळ पडते. दोनशे जणांनी दुरुस्ती केली की ७०० ची यादी ९०० ची होते आणि जेवणाचा आकडा चुकतो.

नोंदणी मुळात गूगल फॉर्मवरूनच झाली असती तर काम सोपं होतं. सेटिंग्जमध्ये उत्तर बदलण्याची परवानगी चालू करायची, अ‍ॅप्स स्क्रिप्टने (गूगल शीट-फॉर्मसाठी छोटे प्रोग्राम लिहिण्याची सोय) प्रत्येक उत्तराची एडिट लिंक काढायची आणि ज्याची त्याला पाठवायची. बदल त्याच ओळीत होतो. फक्त फॉर्म सबमिट झाल्यावर चालणारी स्क्रिप्ट लावली असेल तर सांभाळा: दुरुस्तीच्या वेळी न बदललेली उत्तरं तिच्याकडे रिकामी येतात. ती तशीच दुसऱ्या यादीत उतरवली तर चांगली माहिती पुसली जाते. मूल्यं नेहमी शीटच्या ओळीतूनच वाचा.

तुमची यादी एक्सेलमधून आलेली आहे, म्हणून मी अ‍ॅप्स स्क्रिप्टचं छोटं वेब अ‍ॅप (लिंकवर उघडणारं पान) करायला सांगेन. शीटमध्ये एक नवा रकाना घ्या आणि प्रत्येक ओळीला यूयूआयडी द्या, म्हणजे ३६ अक्षरांची, अंदाज न बांधता येणारी खूण. लिंकमध्ये हीच खूण जाईल. तिथे अनुक्रमांक घातलात तर कुणीही १०१ च्या जागी १०२ टाकून शेजाऱ्याचा पत्ता वाचेल. ईमेलही चालत नाही, कारण नवरा-बायको दोघांची नोंदणी अनेकदा एकाच ईमेलवर असते. लिंकसोबत ‘ही फक्त तुमच्यासाठी आहे, ग्रुपवर टाकू नका’ हे स्पष्ट लिहा. लिंक ज्याच्या हाती, नोंद त्याच्या हाती.

वेब अ‍ॅप ‘माझ्या नावाने चालव’ आणि ‘कुणालाही उघडता येईल’ असं डिप्लॉय (प्रकाशित) करा, म्हणजे मूळ शीट कुणाशीही शेअर करावी लागत नाही. लिंक उघडली की फक्त माहिती दिसावी, बदल बटण दाबल्यावरच व्हावा. व्हॉट्सअ‍ॅपचा प्रीव्ह्यू आणि मेल तपासणारी सॉफ्टवेअर लिंक आपोआप उघडतात. उघडताक्षणी ‘येणार नाही’ अशी नोंद होणारी लिंक ठेवलीत, तर लोकांच्या नकळत त्यांची नावं रद्द होतील.

सगळेच रकाने खुले करू नका. जेवण, मुक्काम, येण्याची वेळ, फोन हे थेट बदलू द्या. भरलेली रक्कम आणि पावती क्रमांक फक्त दाखवा. नावाचं मात्र वेगळं आहे. ते बिल्ल्यावर आणि प्रमाणपत्रावर छापायचं असतं, लग्नानंतरचं आडनाव, वडिलांचं नाव असे खरे बदलही त्यात येतात. म्हणून नाव आधी ‘बदल’ नावाच्या वेगळ्या पानावर जाऊ द्या, कार्यकर्त्याने पाहून मगच मूळ यादीत घ्या. त्याच पानावर इतर बदलांचीही वेळ, रकाना, जुनं मूल्य आणि नवं मूल्य अशी नोंद ठेवा. कुणी ‘मी हे बदललंच नव्हतं’ म्हणालं, तर हेच पान कामी येतं.

नंबरांकडे बारकाईने पाहा. ०२२ ने सुरू होणाऱ्या नंबराचं पहिलं शून्य शीट गिळते. बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होणारा मजकूर सूत्र म्हणून चालवला जातो, आणि बाहेरच्या माणसाचं सूत्र आपल्या शीटमध्ये नको. दोन्हींवर उपाय एकच: लिहिताना मूल्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह (') जोडा. मराठी कीबोर्डवरून लोक ‘९८’ असे देवनागरी अंक देतात, ते ‘दहा आकडे आहेत का’ या तपासणीत नापास होतात. तपासणीआधी ते इंग्रजी (0-9) अंकांत बदलून घ्या, माणसाला चूक दाखवू नका. रिकामा रकाना आला तर जुनं मूल्य तसंच ठेवा, काढून टाकण्यासाठी वेगळी खूण द्या. दोघांनी एकाच वेळी सेव्ह केलं तर गोंधळ नको, म्हणून लिहिण्याआधी स्क्रिप्टचं लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारं कुलूप) घ्या.

कोड बदलल्यावर त्याच डिप्लॉयमेंटची नवी आवृत्ती काढायला विसरू नका, नाहीतर लोकांना जुनाच फॉर्म दिसत राहतो. साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्ट दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवते. ७०० जणांना सात दिवस लागतील, तेव्हा तारखा त्या हिशेबाने धरा. बिल्ले छापायला जाण्याच्या आदल्या रात्री नाव बंद करा, केटररला आकडा कळवायच्या दिवशी जेवण.

ज्यांना लिंक झेपत नाही, त्यांच्यासाठी फोन चालूच ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १२ मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिलेला आहे. ज्येष्ठांना तो फॉर्म येत नाही म्हणून डावलला जाऊ नये. कार्यकर्त्याने फोनवर बोलत त्यांचीच लिंक उघडावी, बदल वाचून दाखवावा आणि मगच सेव्ह करावा.

सगळ्यांना पाठवण्याआधी पाच जणांकडून तपासून घ्या. त्यांत दोन गूगल खाती एकाच ब्राउझरमध्ये उघडी ठेवणारा एक तरी असू द्या. अशांना अनेकदा फॉर्मऐवजी ‘फाइल उघडता येत नाही’ असं पान दिसतं. इन्कॉग्निटो खिडकीत तीच लिंक चालते, ही एक ओळ मेलमध्येच लिहून टाका.