बुद्धिबळात पांढऱ्याकडून पहिली चाल कोणती पक्की करावी, ई४ की डी४ (राजापुढचं प्यादं की वजिरापुढचं)?

ई४. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवा आणि निदान वर्षभर तेच ठेवा.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या स्पर्धेची तयारी चाललीय, यूट्यूबवर दिसेल ते उचलता, या आठवड्यात लंडन नावाची सुरुवात तर पुढच्या आठवड्यात इंग्लिश नावाची, आणि दहाव्या चालीपाशी हमखास अडकता. इंदूरचेच आहात म्हणून सांगतो, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात पहिल्यांदा आलेला पाहुणा जसा दुकानादुकानावर एकेक घास खातो आणि घरी जाऊन कशाचीच चव सांगू शकत नाही, तसं झालंय तुमचं.

पट मांडून बघा. पहिल्या चालीला २० पर्याय असतात: १६ प्याद्यांचे, ४ घोड्यांचे. ई४ खेळलात की राजाकडचा उंट आणि वजीर, दोघांची वाट एकदम मोकळी. उंटाला ५ घरं, वजिराला ४. डी४ खेळलात तर पलीकडच्या उंटाला तितकीच ५ मिळतात, पण वजिराला जेमतेम २. मग लोक डी४ खेळतात कशाला? कारण त्या प्याद्याच्या पाठीशी वजीर आधीपासूनच उभा असतो. ई४ वरच्या प्याद्याला मात्र कुणाचाच जोर नाही. म्हणून त्याच्यावर लवकर हल्ले होतात, मारामारी पाचव्या-सहाव्या चालीलाच जुंपते. डी४ चे डाव बहुधा सावकाश तापतात. शिकताना मारामारी लवकर झालेली बरी, निदान आपण कुठे मार खाल्ला ते दिसतं.

रामबागेत मी रविवारी शेजारपाजारची मुलं घेऊन बसतो. नवीन पोरगं बहुतेक वेळा कडेचं प्यादं ए४ ला ढकलतं आणि दुसऱ्याच चालीला हत्ती ए३ वर काढतं. समोरच्याने ई५ खेळलेलं असतं, त्याचा उंट एफ८ वरून तिरका येतो आणि हत्ती उचलतो. बदल्यात उंट मारता येतो म्हणा, पण उंटाच्या भावात हत्ती गेला. तेच पोरगं महिन्याभरात वजीर एच५ आणि उंट सी४ वर आणून एफ७ वर मात द्यायला शिकतं, मग त्याला आवरणं कठीण. तुम्ही त्या फंदात पडू नका; ऑफिसात कुणीतरी जी६ खेळून वजिराला पळवेलच.

आता ई४ ला उत्तरं कोणती येतील? ई५ सगळ्यांत जास्त, म्हणून त्यावर वेळ घाला. घोडा एफ३, ई५ च्या प्याद्यावर हल्ला. समोरचा बहुधा घोडा सी६ ने जोर देतो. मग उंट सी४, नजर एफ७ वर, कारण त्या प्याद्याला एकट्या राजाचा आधार असतो. पुढे किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल, कॅसलिंग), आणि सी३-डी३ करून शांतपणे डाव बांधा. या सुरुवातीला इटालियन म्हणतात. सी५ आलं, म्हणजे सिसिलियन, तर पाठांतराच्या जंगलात शिरू नका. सी३ खेळून डी४ ची तयारी करा. ई६ (फ्रेंच बचाव) किंवा सी६ आलं तर डी४, आणि त्याने डी५ केलं की प्यादी बदलून टाका. जाणकार नाक मुरडतील, पण तुमच्या स्पर्धेपुरतं चालेल. लगेच डी५ आलं तर मारा, आणि त्याचा वजीर मारायला आला की घोडा सी३. वजिराला हलावंच लागतं, तुमची एक चाल फुकटात वाढते.

मोठ्या खेळाडूंचे दाखले देऊन तुम्ही विचारलंय की खरं श्रेष्ठ काय. २०२४ ची सिंगापूरची जगज्जेतेपदाची लढत आठवा. गुकेशने पहिल्या डावात ई४ खेळलं आणि डिंग लिरेनच्या फ्रेंच बचावापुढे हरला. तिसऱ्या डावात डी४ ने जिंकला, अकराव्यात घोडा एफ३ ने. अमेरिकेचा बॉबी फिशर जन्मभर ई४ वाला. १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात त्याने एकदम सी४ खेळलं, डाव जिंकला, आणि हरलेल्या तेव्हाच्या जगज्जेत्या स्पास्कीनेच टाळ्या वाजवल्या. ही माणसं चाल बदलतात ती समोरच्याची तयारी चुकवायला. ऑफिसात तुमची तयारी करून कोण बसलंय?

लंडन वाईट आहे असं नाही. डिंगने २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहावा डाव त्याच मांडणीने जिंकला. पण शिकाऊ माणूस त्यात समोरचा काय खेळतोय ते न बघता ठरलेल्या घरांवर मोहरे ठेवत जातो, आणि तुमची दहाव्या चालीची अडचण मला तीच वाटते. वर्षभराने घ्या की.

काळ्याचं तुम्ही विचारलेलं नाही. तूर्त ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५, एवढं पुरे.