'मोमेंटरिली' म्हणजे 'क्षणभर' की 'एवढ्यात'? शब्द आला कुठून?

दोन्ही. मूळ अर्थ 'क्षणभर': दिवे मोमेंटरिली गेले, म्हणजे गेले आणि लगेच आले. अमेरिकेत मात्र 'आत्ता, एवढ्यात' हाही अर्थ रुळलाय. तिथल्या विमानात 'मोमेंटरिली उतरतोय' ऐकलं तर तो दुसरा अर्थ धरा.

मूळ लॅटिन शब्द 'मोमेंटम', तो 'मोव्हेरे' म्हणजे हलणे, हलवणे यावरून. मोमेंटम म्हणजे हालचाल, आणि तराजू झुकवायला पुरेल एवढासा कणसुद्धा! हा अर्थ मला फार आवडतो, कारण लहानपणी जळगावच्या सराफाकडे तो डोळ्यांनी पाहिलाय. दोन्ही पारडी अगदी सारखी, काटा मधोमध. सराफानं चिमट्यानं एक गुंज टाकली की काटा हळूच कलायचा. ती गुंज म्हणजेच मोमेंटम. काळाचाही असाच इवलासा तुकडा, तो मोमेंट. मध्ययुगीन युरोपात तर तो मोजायचे: तासाचा 40वा भाग, म्हणजे साधारण 90 सेकंद. फिजिक्समधला मोमेंटम, आपला संवेग, याच घरातला.

ऑफिसच्या मेलमध्ये 'थोड्याच वेळात' म्हणायचं असेल तर सरळ 'शॉर्टली' लिहा, वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही.